एकी की बेकी? सोलापूरच्या वर्गात सम-विषम शिकवताना

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, यात तासभर बोलण्यासारखं काय आहे? एककाच्या जागी ०, २, ४, ६, ८ आलं की सम, १, ३, ५, ७, ९ आलं की विषम. झालं. पोरंही हे वाक्य धडाधड म्हणून दाखवतात. पण त्याच मुलाला विचारून बघा, "३६ सम का रे?" तो म्हणेल, "शेवटी सहा आहे म्हणून." "बरं, मग सहा सम का?" इथं गाडी अडते. सहा सम आहे, कारण बाईंनी तसं सांगितलंय.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिले काही दिवस फळ्यावर आकडाच लिहू नका. चिंचोके घ्या. मूठभर चिंचोके जमिनीवर ओता आणि मुलाला सांगा, दोन-दोनच्या जोड्या लाव. सगळ्यांना जोडीदार मिळाला तर सम. एकटा उरला तर विषम. मोजायचं नाही हं! ज्या मुलाला अजून वीसच्या पुढं नीट मोजता येत नाही, तेही मूल चाळीस चिंचोक्यांचा निकाल बिनचूक लावतं. सम-विषम ही गोष्ट आकड्याच्या दिसण्यात नसून जोडीत आहे, हे त्याच्या बोटांना कळतं. एककाचा नियम त्यानंतर.

आणि तो नियम का चालतो, हेही दाखवता येतं. काड्यांचा दहाचा गठ्ठा बांधा. त्यात पाच जोड्या, एकटं कुणी नाही. गठ्ठे तीन असोत नाहीतर तीस, त्यातून कुणी एकटं उरतच नाही. मग निकाल कोण लावणार? फक्त सुट्या काड्या. ५८ हातात पडलं की पुष्कळ मुलं पहिल्या पाचाकडं बघून विषम म्हणतात. त्यांना नियम पुन्हा पाठ करायला लावू नका, गठ्ठे सोडायला लावा.

आता आपल्या गावाकडं येऊ. चिंचोके मुठीत लपवून "एकी की बेकी?" विचारायचा खेळ इथल्या कितीतरी जणांनी खेळलाय. एकी म्हणजे विषम, बेकी म्हणजे सम. बेकीतला 'बे' म्हणजे दोन. हसू नका, "काय बे" मधला आपला सोलापुरी बे नव्हे, पाढ्यातला. बे एके बे, बे दुणे चार. मराठीत दोनला एरवी कुणी बे म्हणत नाही, पण पाढ्यात तो टिकून राहिलाय. त्यामुळं 'सम' या पुस्तकी शब्दापेक्षा 'बेकी' मराठी मुलाला जवळचा. बे-च्या पाढ्यात येते ती बेकी, इतकं सोपं.

पण सोलापूरच्या वर्गात बसलेलं प्रत्येक मूल घरी मराठी बोलतं का? पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू चालते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या कितीतरी घरांत कन्नड. आता बघा गंमत. तेलुगूत समला म्हणतात 'सरि' आणि विषमला म्हणतात 'बेसि'. कन्नडमध्ये सम म्हणजे समच, पण विषम म्हणजे 'बेस'. म्हणजे मराठीतली बेकी सम, आणि तिच्यासारखेच कानावर पडणारे बेसि आणि बेस हे शब्द विषम! ज्या मुलीनं आजीकडून किंवा कन्नड माध्यमातल्या मोठ्या बहिणीकडून तो शब्द ऐकलाय, ती सात चिंचोके बघून पटकन "बेकी" म्हणते. बाई म्हणतात, चूक. तिनं जोड्या बरोबर लावलेल्या असतात, एक उरलेलाही तिला दिसलेला असतो. चुकलेला असतो फक्त शब्द. असं चारदा झालं की ती बोलायचीच थांबते, आणि आपण शेरा मारतो: गणितात कच्ची. मला हा शेरा फार महागातला वाटतो. अशा मुलीला आधी विचारावं, "दाखव, कुणी एकटं राहिलं का?" दाखवता आलं, तर गणित आलं. शब्द जुळवायला दोन दिवस पुरतात. भिंतीवर तिन्ही भाषांतले शब्द लावून टाका.

संख्यांच्या नावांतही अशीच एक मेख आहे. मराठीत छत्तीस म्हणताना आधी सहा येतो, मग तीस. त्रेपन्नमध्ये तीन आधी, अठ्ठावन्नमध्ये आठ आधी. म्हणजे सम-विषम ठरवणारा अंक कानावर सगळ्यात आधी पडतो, आणि लिहिताना मात्र तोच शेवटी लिहायचा. तेलुगूत ३६ म्हणजे 'मुप्पै आरु', आधी तीस, मग सहा. कन्नडमध्येही 'मूवत्तारु'. ऐकायचं आणि लिहायचं एकाच क्रमानं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीनं 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. 'वीस सात'ची रचना पूर्व भागातल्या मुलाला घरच्यासारखीच वाटणार, आणि जोडाक्षरांचा त्रासही वाचतो, म्हणून मी त्या बाजूची. पण सम-विषमपुरतं बोलायचं तर जुनी नावं कामाची आहेत. एकोणचाळीस घ्या. सुरुवातीला ऐकू येतो 'एक', म्हणजे विषम. प्रत्यक्षात एकक आहे नऊ, तोही विषम. असं का? पुऱ्या चाळिसातून एक काढला की कुणाचा तरी जोडीदार गेला. फक्त सहापाशी कान फसतो, कारण तो सव्वीसमध्ये एक रूप घेतो, छत्तीसमध्ये दुसरं, शेहेचाळीसमध्ये तिसरं.

मुलं कधीकधी आपल्यालाच कोड्यात टाकतात. १९९० साली अमेरिकेत डेबोरा बॉल यांच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा म्हणाला, सहा सम पण आहे आणि विषम पण, कारण त्यात जोड्या तीन आहेत, आणि तीन विषम. बाईंनी त्याला गप्प केलं नाही, वर्गाला वाद घालू दिला. शिक्षणाच्या अभ्यासकांत तो तास आजही चर्चेत असतो. मुलाला सापडलेल्या या संख्या खऱ्याच आहेत: २, ६, १०, १४... दोननं भाग जातो, चारनं जात नाही. त्याला फक्त इतकं सांगायचं, की आपण जोड्या किती ते विचारत नाही, कुणी एकटं उरलं का ते विचारतो.

हा 'एकटा' हाताशी असला की पुढचं बरंच सुटतं. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. सातांच्या जोड्या लावा, एक एकटा. आणखी एक विषम गट आणा, म्हणा पाच मुलांचा. त्यातलाही एक एकटा. दोघं एकटे एकमेकांचे जोडीदार झाले, आणि विषम अधिक विषम सम झालं. ही उदाहरणं पाठ केल्याची गोष्ट नव्हे, ही सिद्धताच आहे. सातवीत बीजगणितात हेच अक्षरांत लिहायचं असतं.

राहिला शून्य. मोठी माणसंही इथं अडखळतात, म्हणतात शून्य समही नाही, विषमही नाही. मुलांपुढं रिकामी मूठ धरा आणि विचारा, एकी की बेकी? आधी आरडाओरडा होतो, "बाई, यात तर काहीच नाही!" मग विचारायचं, कुणी एकटं राहिलंय का? नाही ना. मग बेकी.