रंगाची वंशावळ

अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्राएलांचं जुनं दफनस्थान आहे. फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी याच किनाऱ्याला लागली, असं हा समाज पिढ्यान् पिढ्या सांगत आला. पुढे ते गावोगाव पांगले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावं. घरात बोली मराठी.

त्यांचं यहुदीपण शेजाऱ्यांना कधी खुपलं नाही. ते खुपलं ते स्वधर्मीयांना. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आलेल्या बगदादी यहुद्यांनी १८३६ मध्ये दफनभूमीत दोन्ही समाजांमध्ये भिंत घालण्याची मागणी केली. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात; त्या दहांत बेने इस्राएल माणूस धरायला अनेक बगदादी तयार नसत. कारणं धर्मशास्त्राची दिली जात. पण सावळी कातडी आणि कोकणी राहणी यांच्यापासून अंतर राखलं की साहेबाच्या जवळ जाता येईल, ही आस त्यामागे होती, असं मला ठामपणे वाटतं.

गोरेपणाची हीच चाळणी अमेरिकेत सौंदर्याला लावली गेली. 'मिस अमेरिका' स्पर्धेत एके काळी स्पर्धक गौरवर्णीय असावी, असा लेखी नियमच होता. १९४५ मध्ये बेस मायरसन ही यहुदी मुलगी जिंकली. आडनाव बदलण्याचा सल्ला तिने धुडकावला होता. कृष्णवर्णीयांनी १९६८ मध्ये अटलांटिक सिटीतच 'मिस ब्लॅक अमेरिका' भरवली. सॉन्ड्रा विल्यम्सने आपले नैसर्गिक कुरळे केस तसेच ठेवून तो मुकुट जिंकला. त्या केसांना कुरूप ठरवणाऱ्या देशात हे धाडसच होतं.

बेने इस्राएलांनी असा मंच उभारला नाही. त्यांची परीक्षा लग्नाच्या नोंदवहीत होती. इस्राएलला गेलेल्या कुटुंबांसाठी तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने १९६२ मध्ये फर्मान काढलं: बेने इस्राएल वधू-वरांच्या आईची, आजीची, त्यामागच्या पिढ्यांची वंशावळ तपासा. युरोपातून आलेल्यांना अशी सरसकट तपासणी नव्हती. रायगडच्या खेड्यात गेलेल्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. मागणी वेगळ्या मानाची नव्हतीच. इतरांना असलेलाच हक्क हवा होता.

मला ही वाट अधिक अवघड वाटते. स्वतंत्र मंचावर आपले परीक्षक आपणच नेमता येतात. इथे ज्याने नाकारलं त्याच्याचकडून मान्यता मिळवायची होती.

आणि या समाजाच्या घरातही एक भिंत होती, तीही सांगितलीच पाहिजे. 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल अशा दोन फळ्या कोकणातच पडल्या. यहुदी नसलेल्या स्त्रीची संतती ती 'काळी', मग रंग कसाही असो. त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार नसे. रंगाचं नाव, पण तपासणी आईची. पुढे जेरुसलेममध्ये तशीच तपासणी या समाजाच्याच पदरी आली.

ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचं मान्य केलं. त्यानंतर रब्बींनी फर्मानातून समाजाचं नाव वगळलं. त्या जागी वंशाविषयी शंका असलेली कोणतीही व्यक्ती, अशी शब्दरचना आली. शंका घेण्याचा अधिकार मात्र त्यांच्याचकडे राहिला.