डबा मुका होतो तेव्हा

‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो. दुरुस्ती करणाऱ्याला फोनवर हेच सांगतो आणि तो बिचारा पलीकडून विचारतो, “म्हणजे नेमकं काय होतंय?” हा त्याचा प्रश्न रास्त आहे. या एका वाक्यात निदान तीन वेगळे आजार लपलेले असतात. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, हा पहिला. पंखा फिरला, दिवे लागले, पण पडदा काळाच राहिला, हा दुसरा. पडद्यावर अक्षरं उमटली, पण विंडोज काही उघडेना, हा तिसरा. तिघांची औषधं वेगळी. म्हणून आधी दोन मिनिटं नुसतं पाहायचं आणि ऐकायचं.

पहिल्या आजारात बहुतेकदा दोष डब्याबाहेरच असतो. भिंतीतला सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस आणि डब्याच्या मागची पिन, असा विजेचा प्रवास आहे. यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली की काही यूपीएस भिंतीत वीज असूनही पुढे वीज सोडत नाहीत. तेव्हा मधले सगळे दलाल काढून टाका आणि वायर थेट भिंतीत लावा. सॉकेट तपासायला मोबाईलचा चार्जर लावू नका. तो अगदी कमी दाबावरही चालतो, त्याची साक्ष कामाची नाही. टेबललॅम्प किंवा टेबलफॅन लावून पाहा. मग डब्याच्या मागे, जिथं वायर घुसते तिथं, एक छोटा स्विच असतो. झाडलोट करताना तो बंद होतो आणि घरात उगाच सुतक पसरतं. जुन्या डब्यांना तिथंच ११५ आणि २३० असे आकडे असलेली लाल पट्टीही असते. ती २३० वरच हवी. कुणी ती ११५ वर सरकवून वीज सोडली तर आतला पुरवठा जळतो.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. समोरचं बटण हा घरातल्या दिव्यासारखा स्विच नाही. ते फक्त मदरबोर्डला ‘उठ’ अशी खूण करतं. ती खूण कळावी म्हणून मदरबोर्डला बंद असतानाही ५ व्होल्टची थोडी वीज मिळत असते. अनेक बोर्डांवर त्यामुळे एक बारीक दिवा सतत जळत असतो. वीज येत असूनही बोर्ड अगदी निपचित असेल, तर संशय एसएमपीएसवर जातो. भिंतीतल्या २३० व्होल्टचं १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा हा पत्र्याचा चौकोनी डबा. तो बदलता येतो आणि संगणकातल्या इतर भागांच्या मानाने स्वस्तही असतो. पण तो स्वतः उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. बाकी संगणक हाताळायला मी कुणालाही धीर देईन, या डब्याला मात्र नाही.

वायर काढून, समोरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं आणि मग पुन्हा वायर लावायची, हा उपाय मंत्रतंत्रासारखा वाटतो. तसं काही नाही. बोर्डात उरलीसुरली वीज निघून जाते आणि अडकलेलं सर्किट नव्याने सुरू होतं. करून पाहायला पैसे लागत नाहीत.

आता दुसरा आजार. पंखा फिरतो, पडदा काळा. आधी मॉनिटरचं बघा. त्याला स्वतःची वीज आहे का, केबल घट्ट आहे का. डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाला लागते, बोर्डाच्या भोकात नव्हे. डबा हलवल्यावर ही गफलत हमखास होते.

मॉनिटर ठीक असेल तर कान द्या. चालू होताना संगणक आपली नाडी आपणच तपासतो आणि काही बिघडलं असेल तर आतल्या लहानशा स्पीकरमधून बीप देतो. या बीपांत ऱ्हस्व आणि दीर्घ असा भेद असतो. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व बीप म्हणजे चित्र दाखवणाऱ्या कार्डाची तक्रार. वृत्तं शिकलेल्यांना सांगायला हवं का, गुरू-लघु-लघु, हा भगण झाला! मात्र प्रत्येक कंपनीचं छंदशास्त्र निराळं, तेव्हा बीप मोजून, लांबी टिपून, आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावं. नव्या बोर्डांत बऱ्याचदा स्पीकरच नसतो, त्याऐवजी दोन-चार दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, त्याच्या शेजारी लिहिलेला भाग आजारी.

बहुतेक वेळा तो भाग रॅम निघतो. विशेषतः पावसाळ्यात. आपल्या कोकणपट्टीत आषाढ-श्रावणात हवा इतकी ओली असते की रॅमच्या सोनेरी दातांवर पातळ थर बसतो. वायर काढा, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा, टोकाची खिटी उघडा आणि पट्टी सरळ वर ओढा. शाळकरी मुलाचं मऊ खोडरबर त्या दातांवरून हलक्या हाताने फिरवा. हे सगळं डब्यापासून दूर, म्हणजे खोडरबराचा चुरा खाचेत पडणार नाही. परत बसवताना पट्टीतली खाच आणि बोर्डावरचा उंचवटा जुळवा आणि टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. डबा उघडलाच आहे तर बोर्डावरचे नळकांड्यासारखे कपॅसिटरही बघून घ्या. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा तपकिरी गळती झालेलं असेल तर बोर्डाचं आयुष्य सरत आलंय. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या कित्येक बोर्डांत असे निकृष्ट कपॅसिटर गेले होते.

तिसऱ्या आजारात संगणक जिवंत असतो, त्याला घर सापडत नाही. ‘बूट डिव्हाइस’ मिळत नाही असा निरोप आला तर आधी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढा. तारीख एकदम कुठल्या तरी जुन्या सालात गेली असेल तर बोर्डावरचा बटणासारखा सेल संपलाय. सीआर २०३२ हे त्याचं नाव, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तो संपला की बोर्ड आपल्या सवयी विसरतो, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं हेही विसरू शकतो. सेल बदला, पण जुना लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर तो जिवावर बेततो.

विंडोज १० किंवा ११ दोन-तीनदा अर्धवट बंद पडली की स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यातली ‘स्टार्टअप रिपेअर’ निर्धास्त करावी. ‘रिसेट’ मात्र थांबून. तिथं फाइली ठेवण्याचा पर्याय असतो, पण तो निवडला तरी तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअरं जातात.

आपल्याकडे या शेवटच्या वाक्याला फार मोठा अर्थ आहे. युनिकोड घरोघर पोचण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप होत असे. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण आत इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कित्येक वाचनालयांच्या याद्या, दिवाळी अंकांचे मजकूर, न छापलेली हस्तलिखितं अशा म्हाताऱ्या डब्यांत पडून आहेत. म्हणून दुकानदार “फॉरमॅट मारावा लागेल” म्हणाला, की आधी हात धरा. एसएमपीएस, रॅम, सेल, बोर्ड यांपैकी काहीही बिघडलं तरी डिस्कवरचा मजकूर सहसा शाबूत असतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, त्यासाठी लहानशी केबल मिळते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करू नका, प्रत्येक वेळी नुकसान वाढतं. ती डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. आणि विंडोज ११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून अनेक नव्या संगणकांत डिस्कला आपोआप कुलूप लागतं. त्याची ४८ अंकी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आजच कागदावर उतरवून घ्या.

जुना डबा एकदा सुरू झालाच, तर त्याच दिवशी तीन कामं करा. मजकूर दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा, त्यासोबत फॉन्टची फाइलही घ्या, आणि मग कन्व्हर्टर वापरून सगळं युनिकोडमध्ये आणा. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. त्यामुळे मूळ फाइल पुसण्यापूर्वी एकदा ओळीओळीने वाचून घ्या.