फोन नवा घ्या, नंबर जुनाच सांभाळा



सुगी झाली, माल विकला, हातात चार पैसे आले की घरात नवा फोन येतो. कधी पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा आणून देतो. फोन आला की पहिले काम म्हणजे जुन्या फोनातले सिमकार्ड काढून नव्यात घालायचे. काम पाच मिनिटांचे आहे. पण घाईने केले तर त्यातून नुकसान होते, असा आमचा अनुभव आहे.

एका गावातील प्रसंग सांगतो. एका शेतकरी बंधूंची ठिबक सिंचनाच्या अनुदानासाठी निवड झाली. कागदपत्रे ऑनलाइन भरण्यास मोजकेच दिवस होते. त्याच आठवड्यात घरात नवा फोन आला. जुने कार्ड मोठे होते, नव्या फोनात बसेना. बाजारातल्या दुकानात ते कात्रीने कापून घेतले आणि कार्ड कायमचे बिघडले. मग कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचे नवे कार्ड काढले. संध्याकाळपर्यंत बोलणे सुरू झाले, पण मेसेज एकही येईना. दुसरा दिवस मुदतीचा शेवटचा. केंद्रावर बसून ओटीपीची वाट पाहिली, तो आलाच नाही. अर्ज रद्द झाला. ठिबक पुढच्या हंगामावर गेले आणि उन्हाळ्यात पाण्याअभावी अर्धा एकर भाजीपाला सोडून द्यावा लागला.

फोन चांगला होता, कंपनीने कार्डही वेळेवर दिले. चुकली ती कामाची वेळ आणि पद्धत. म्हणून या पत्रिकेत ही माहिती सविस्तर देत आहोत.

सिमकार्ड म्हणजे काय?

विहिरीवरची मोटर जुनी झाली की आपण नवी बसवतो. मोटर बदलली म्हणून विहीर बदलत नाही. फोन ही मोटर समजा आणि नंबर ही विहीर. हा नंबर ज्या कार्डात असतो ते सिमकार्ड. कार्डावरच्या सोनेरी चौकोनाखाली एक बारीक चिप असते. त्या चिपमध्ये तुमची ओळख आणि एक गुप्त किल्ली साठवलेली असते. फोन सुरू केला की टॉवर ती ओळख तपासतो आणि मग लाइन देतो. त्यामुळे कार्ड ज्या फोनात जाईल, त्या फोनात तुमचा नंबर जातो.

मात्र फोनातले सगळेच कार्डाबरोबर जात नाही, हे ध्यानात घ्यावे. कार्डात नंबर असतो, आणि साठवली असतील तर काही नावे. बहुतेक कार्डांत अडीचशेच्या आसपास नावे मावतात. फोटो, व्हॉट्सॲप, पैसे पाठवण्याचे ॲप, ई-पीक पाहणीचे ॲप हे सर्व जुन्या फोनातच राहते. ते वेगळे हलवावे लागते.

नवा फोन घेताना

आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक स्मार्टफोन खुले असतात, म्हणजे त्यात कोणत्याही कंपनीचे कार्ड चालते. काही फोन मात्र एकाच कंपनीला बांधलेले असतात. उदाहरणार्थ, जिओफोन हा कीपॅडचा फोन फक्त जिओच्या कार्डावर चालतो. परदेशात राहणाऱ्या पाहुण्याने आणलेला फोनही कधी कधी तिथल्या कंपनीने कुलूप घातलेला निघतो. ओळखायची खूण सोपी आहे. आपले कार्ड घालून फोन सुरू करावा. लाइन न येता फोनने ‘नेटवर्क अनलॉक’चा आकडा मागितला, तर तो कुलपाचा फोन समजावा. जुना फोन विकत घेताना पैसे देण्यापूर्वी ही परीक्षा दुकानातच करावी.

आणखी एक तपासणी करावी. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबली की १५ आकडी क्रमांक दिसतो. हा फोनाचा आयएमईआय क्रमांक. गाईच्या कानातल्या बिल्ल्यासारखीच ही खूण समजा. बिलावर तोच क्रमांक आहे ना, हे पाहावे. वापरलेला फोन असेल तर केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर हा क्रमांक तपासता येतो. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तिथे लगेच उघड होतो. बिल आणि क्रमांक घरी सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवावा.

कार्डाचे माप

१९९१ मध्ये जर्मनीत पहिले सिमकार्ड तयार झाले तेव्हा ते बँकेच्या कार्डाएवढे मोठे होते. पुढे ते लहान होत गेले. आज तीन मापे आढळतात:

मोठे कार्ड: २५ × १५ मिलिमीटर (जुने कीपॅड फोन)
मधले, म्हणजे मायक्रो: १५ × १२ मिलिमीटर
लहान, म्हणजे नॅनो: १२.३ × ८.८ मिलिमीटर (आजचे बहुतेक स्मार्टफोन)

तुमचे कार्ड अलीकडचे असेल तर त्यावर तिन्ही मापांच्या खाचा पाडलेल्या असतात. हाताने हलके दाबून ते लहान करता येते. खाचा नसतील तर कात्री लावू नये. नॅनो कार्ड लांबी-रुंदीला लहान असतेच, शिवाय थोडे पातळही असते. कापलेले जाड कार्ड खाचेत अडकते आणि कार्डाबरोबर फोनही जातो. अशा वेळी कंपनीच्या दुकानात आधारकार्ड घेऊन जावे आणि त्याच नंबरचे लहान कार्ड मागावे. नंबर बदलत नाही. कार्ड फार जुने, २जी किंवा ३जी काळातले असेल, तरीही हेच करावे, नाहीतर नव्या फोनात नेट धड चालणार नाही. ४जी कार्ड असेल तर जिओ आणि एअरटेलच्या ५जीसाठी ते बदलण्याची गरज नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट

तेच कार्ड एका फोनातून काढून दुसऱ्यात घातले, तर बोलणे आणि मेसेज दोन्ही लगेच सुरू होतात. परंतु त्याच नंबरचे नवे कार्ड काढले, तर ते सुरू झाल्यापासून पहिले २४ तास मेसेज येत नाहीत आणि जातही नाहीत. दूरसंचार विभागाने हा नियम २०२२ मध्ये केला. एखाद्या भामट्याने तुमच्या नावाने दुसरे कार्ड काढले, तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये, हा त्यामागचा हेतू. नियम आपल्या भल्याचा आहे. पण अर्जाची मुदत उद्या संपत असेल, तर तोच आपल्याला अडवतो. वर सांगितलेल्या बंधूंचे नेमके हेच झाले.

म्हणून नवे कार्ड काढण्याचे काम पीक विमा, महाडीबीटीचा अर्ज, पीक कर्जाचे नूतनीकरण अशा कामांच्या ऐन दिवसांत करू नये. चार-आठ दिवस आधी उरकावे किंवा काम झाल्यावर करावे. पेरणीसाठी आपण वाफसा पाहतो, तसाच इथे मोकळा दिवस पाहावा. नवे कार्ड घेतल्यावर सात दिवस कंपनीही बदलता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

कार्ड काढण्यापूर्वी

१. नावे हलवा. जुना फोन स्मार्टफोन असेल तर सर्व नावे गूगल खात्यात साठवा. नव्या फोनात तेच खाते उघडले की नावे आपोआप येतात. खात्याचा पासवर्ड आठवतो का, हे आधीच पाहा. कीपॅड फोन असेल तर नावे ‘सिममध्ये कॉपी’ करा. आडत्या, गुरांचे डॉक्टर, वायरमन, ट्रॅक्टरवाला, बँक असे दहा-पंधरा नंबर वहीतही लिहून ठेवा. वहीची बॅटरी संपत नाही.

२. व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. तो घेतला नाही तर बाजारभावाचे, गटाचे जुने मेसेज आणि फोटो जातील.

३. मोठी देणी आधी उरका. नव्या फोनात पैसे पाठवण्याचे ॲप सुरू केल्यावर सुरुवातीचे २४ तास रकमेवर मर्यादा असते. खत-बियाण्याचे मोठे बिल त्या दिवसावर ठेवू नका.

४. रिचार्ज तपासा. ॲप सुरू करताना तुमच्या फोनातून बँकेकडे एक मेसेज जातो. मेसेज जाण्याइतका रिचार्ज नसेल तर गाडी तिथेच अडते.

कार्ड कसे बदलावे?

हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. फवारणीचे, खताचे हात कार्डाला लावू नयेत. घोंगडीवर किंवा अंगणात न बसता ताटात पांढरा कागद पसरून त्यावर काम करावे. नॅनो कार्ड नखाएवढे असते, मातीत पडले तर सापडत नाही.

दोन्ही फोन बंद करावेत. नव्या फोनाच्या कडेला एक पट्टी आणि तिच्यात टाचणीएवढे भोक असते. फोनाच्या डब्यात मिळालेली पिन त्यात सरळ घालून हलके दाबावे. खण बाहेर येतो. इथे एक चूक अनेकांकडून होते. फोनाच्या खालच्या कडेला पट्टी नसलेले आणखी एक भोक असते. ते आवाजाचे आहे. त्यात पिन घातली तर समोरच्याला तुमचे बोलणे ऐकू जाणार नाही. पट्टीवरचेच भोक पाहा.

खणात कार्डाच्या आकाराची जागा असते, तिचा एक कोपरा कापलेला असतो. कार्डाचा कापलेला कोपरा त्या कोपऱ्याला जुळवावा. सोनेरी बाजू कोणत्या अंगाला हवी, हे खणावर किंवा डब्यातल्या कागदावर दाखवलेले असते. कार्ड नीट बसले की खण हळू आत सरकवावा. जोर लावू नये. अडले तर काढून पुन्हा पाहावे. काही फोनांत दुसऱ्या जागेत एक तर दुसरे सिम बसते किंवा मेमरी कार्ड, दोन्ही एकदम नाही.

फोन सुरू करून दोन मिनिटे थांबावे. लाइन आली नाही तर बंद करून कार्ड काढावे, सोनेरी भाग कोरड्या मऊ फडक्याने पुसावा आणि पुन्हा बसवावे. पाणी, रॉकेल लावू नये, चाकूने खरवडू नये. फोनने सिमचा पिन मागितला तर अंदाजाने आकडे दाबू नका. तीन वेळा चुकले की कार्ड अडते आणि पीयूके नावाचा आठ आकडी क्रमांक लागतो. तो कंपनीकडून मिळतो. तोही दहा वेळा चुकला तर कार्ड कायमचे निकामी होते.

कार्ड बदलल्यानंतर

आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर बोलून पाहा, मग एक मेसेज पाठवा आणि एक मागवा. दोन्ही झाले म्हणजे काम ठीक. मग व्हॉट्सॲप त्याच नंबरावर सुरू करा. सहा आकडी कोड येईल, तो घातला की झाले. बँकेचे ॲप सुरू करताना खात्याला जोडलेले कार्ड त्याच फोनात असले पाहिजे. दोन कार्डे असतील तर योग्य कार्ड निवडा.

जुना फोन लगेच कोणाला देऊ नका. आठवडाभर जवळ ठेवा. सर्व काही आले याची खात्री झाली की त्यातले गूगल खाते काढा, मेमरी कार्ड काढा, फोन पूर्ण पुसून टाका, आणि मगच द्या.

दोन कार्डांपैकी एखादे कपाटात ठेवून देण्याची आपल्याला सवय असते. सलग ९० दिवस कार्डाचा काहीच वापर झाला नाही, तर कंपनी तो नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला दिला जातो. पीएम किसानचे दोन हजार, कर्जाची सूचना, आधारचा ओटीपी त्याच नंबरावर येत असेल तर तो परक्याच्या हाती पडेल. बँकेला आणि आधारला जोडलेला नंबर कोणता, हे आजच वहीत लिहून ठेवा आणि तो चालू ठेवा.

भामट्यांपासून सावध

‘तुमचे कार्ड बंद होणार आहे, ५जी करून देतो, आलेला आकडा सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. कंपनी ओटीपी विचारत नाही. काही कारण नसताना तुमची लाइन अचानक गेली, शेजाऱ्याची मात्र आहे, तर दुसऱ्या फोनवरून ताबडतोब कंपनीला आणि बँकेला विचारा. कोणी तुमच्या नंबरचे दुसरे कार्ड काढले असण्याचा संभव असतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

थोडक्यात ध्यानात ठेवा

• तेच कार्ड हलवले तर अडचण नाही. नवे कार्ड काढले तर २४ तास मेसेज बंद.
• मुदतीच्या दिवसांत नवे कार्ड काढू नका.
• कार्डाला कात्री लावू नका.
• नावे, व्हॉट्सॲप आणि मोठी देणी आधी, कार्ड नंतर.
• जुना फोन आठवडाभर जवळ ठेवा.
• बँकेचा आणि आधारचा नंबर कधी बंद पडू देऊ नका.

ही पत्रिका घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलींना मोठ्याने वाचायला सांगा आणि वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या. कार्डाचे माप कळत नसेल किंवा खण उघडत नसेल, तर पुढच्या गावभेटीच्या दिवशी फोन घेऊन या. आपण दोघे बसून पाहू.