एका संगणकात दोन बिऱ्हाडे

संगणक जोडून देण्याच्या धंद्यात सुट्या भागांवर मिळणारा नफा फार थोडा उरला आहे, हे या धंद्यातील कोणालाही सांगायला नको. लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याचे गाव, गिऱ्हाईक प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांचे भाव मोबाईलवर पाहूनच दुकानाची पायरी चढते. मोबाईलवर ज्याचा भाव सापडत नाही ती गोष्ट म्हणजे कारागिराचे हुन्नर. सामान थोडे आणि हुन्नर जास्त लागणाऱ्या अशाच एका कामाची माहिती येथे देत आहोत.

सॉफ्टवेअर लिहिणारे, सर्व्हर सांभाळणारे, संशोधन करणारे विद्यार्थी अशी दिवसभर लिनक्सवर काम करणारी बरीच मंडळी असतात. त्यांतील काहींना रात्री तास-दोन तास गेम खेळायचा असतो आणि गेम असतो विंडोजचा. यावर तीन मार्ग आहेत. दुसरा संगणक घ्यावा, तर पैसा आणि जागा दोन्ही लागतात. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली बसवून पाळीपाळीने चालवाव्यात, तर प्रत्येक वेळी हातातले सगळे काम बंद करावे लागते. तिसरा मार्ग असा की लिनक्स चालू असतानाच त्याच्या पोटात एक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, उभा करायचा, त्यात विंडोज बसवायचे आणि खरेखुरे ग्राफिक्स कार्ड त्या विंडोजच्या ताब्यात द्यायचे. यालाच ग्राफिक्स पासथ्रू म्हणतात.

काम अंगावर घेण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न जरूर विचारावा : तुमचा गेम प्रोटॉनवर चालतो का? वाल्व्ह कंपनीने २०१८ साली प्रोटॉन आणले. त्यामुळे विंडोजचे पुष्कळ गेम आता लिनक्सवर थेट चालतात. गेम त्यावर नीट चालत असेल तर पुढचा सगळा खटाटोप फुकट आहे. तसे स्पष्ट सांगितल्याने आजचे काम हातचे जाईल, पण माणूस पुढच्या कामाला तुमच्याकडेच येईल.

आता यामागची व्यवस्था थोडक्यात पाहू. आभासी संगणक चालवणारा केव्हीएम हा भाग २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात आला, आणि खरे कार्ड आतल्या विंडोजकडे सुरक्षितपणे सोपवणारा व्हीएफआयओ हा भाग २०१२ साली. घरमालकाने एक खोली कुलूप-किल्लीसकट भाडेकरूला द्यावी तसा हा प्रकार आहे. त्या खोलीत मालकाला पाय ठेवता येत नाही आणि भाडेकरूला बाकीच्या घरात शिरता येत नाही. मधली भिंत म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्डमधील आयओएमएमयू. इंटेलकडे तिला व्हीटी-डी म्हणतात, एएमडीकडे एएमडी-व्हीआय. बायोसमध्ये ती चालू करावी लागते, पुष्कळ बोर्डांवर ती बंदच येते.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मदरबोर्ड आपल्या उपकरणांचे गट कसे पाडतो. कार्डाच्या गटात डिस्क किंवा नेटवर्कचा भाग अडकला असेल तर तोही कार्डाबरोबर विंडोजकडे जातो, आणि लिनक्स उघडे पडते. स्वस्त बोर्डात ही अडचण अधिक येते. दुसरी गोष्ट जुन्या बाजारातून कार्ड घेणाऱ्यांसाठी. एएमडीची व्हेगा आणि आरएक्स ५७०० ही कार्डे आभासी संगणक बंद केल्यावर पूर्वस्थितीला न येण्याबद्दल बदनाम आहेत. तसे झाले की सगळा संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, म्हणजे मूळ हेतूच गेला. कार्ड स्वस्त मिळाले तरी या कामासाठी ते महाग पडते.

उदाहरणासाठी २०२२ साली आलेला एएमडीचा रायझन ९ ७९००एक्स धरू. त्यात १२ कोअर आहेत आणि लिनक्सच्या पडद्यापुरते छोटे ग्राफिक्सही आहे. म्हणजे मोठे कार्ड पूर्णपणे विंडोजला देता येते, दुसरे विकत घ्यावे लागत नाही. रॅम ३२ जीबी.

हे सगळे बसवून गेम सुरू केला की बहुतेकांचा अनुभव सारखाच असतो. आकडा चांगला दिसतो, पण खेळताना चित्र मधूनच अडखळते. इथे पुष्कळ जण कार्डाला दोष देतात आणि आणखी महाग कार्ड घ्यायला निघतात. गिऱ्हाइकाचे पैसे वाया जाण्याची जागा नेमकी हीच. समजा एका सेकंदात १०० चित्रे आली. त्यांतील ९९ चित्रांना प्रत्येकी सुमारे ९.३ मिलिसेकंद लागले आणि एकाला ८०. सरासरी बरोबर १०० दिसेल, पण त्या एका चित्राचा झटका डोळ्याला लागणारच. हा झटका बहुधा कार्डाचा नसतो. विंडोजला हवा असलेला कोअर त्या क्षणी लिनक्सने दुसऱ्याच कामाला लावलेला असतो.

म्हणून पहिले आणि सर्वांत मोलाचे काम म्हणजे कोअर बांधून देणे, ज्याला पिनिंग म्हणतात. तसे केले नाही तर आभासी संगणकाचे कोअर लिनक्सच्या मर्जीप्रमाणे या खऱ्या कोअरवरून त्या कोअरवर फिरत राहतात, आणि प्रत्येक फेरीत जवळच्या कॅशमध्ये गोळा झालेला माल मागे राहतो. ७९००एक्सचे १२ कोअर सहा-सहाच्या दोन तुकड्यांत आहेत आणि प्रत्येक तुकडीची स्वतःची ३२ एमबी एल-थ्री कॅश आहे. एक तुकडी पूर्ण विंडोजला द्यावी, दुसरी लिनक्सला. तीन कोअर इकडचे आणि तीन तिकडचे अशी वाटणी केली तर आकड्यात कोअर सहाच दिसतील, पण दोन तुकड्यांमधल्या येरझारीत वेळ जाईल. ७९५०एक्स३डी या प्रोसेसरमध्ये एका तुकडीची कॅश ९६ एमबी आणि दुसरीची ३२ एमबी आहे. तिथे गेमला कोणती तुकडी द्यायची हे सांगायला नकोच. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून पुष्कळ प्रोसेसरांत मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोअर येतात. तिथे मोठे कोअर विंडोजला द्यावेत.

बांधताना जोड्या सांभाळाव्यात. प्रत्येक खऱ्या कोअरवर दोन धागे चालतात आणि लिनक्समध्ये त्यांचे क्रमांक लागोपाठ असतीलच असे नाही. ७९००एक्सवर सहसा ६ क्रमांकाचा जोडीदार १८ असतो, ७ चा १९. एलएससीपीयू ही आज्ञा दिली की आपल्या यंत्रावरचा खरा नकाशा मिळतो. तो कागदावर उतरवून घ्यावा आणि मगच क्रमांक भरावेत. आतल्या विंडोजलाही हीच रचना दाखवावी : एक सॉकेट, सहा कोअर, प्रत्येकी दोन धागे. बारा वेगवेगळे सॉकेट दाखवले गेले तर विंडोजची प्रो आवृत्ती त्यांतले दोनच वापरते आणि होम आवृत्ती एकच. "बारा दिले तरी गेम रखडतो" या तक्रारीच्या मुळाशी कधी कधी एवढेच असते. प्रोसेसरचा प्रकार होस्ट-पासथ्रू ठेवावा, म्हणजे विंडोजला खऱ्या प्रोसेसरचे सगळे गुण दिसतात.

आभासी संगणकाची स्वतःची वरकड कामे, डिस्कची देवघेव वगैरे, लिनक्सच्या तुकडीवर बांधावीत. शिवाय गेम चालू असेपर्यंत लिनक्सने आपली बाकीची कामे विंडोजच्या तुकडीवर टाकू नयेत, असा बंदोबस्त करावा लागतो. संगणक सुरू होतानाच ते कोअर बाजूला काढता येतात, पण मग दिवसा कामाच्या वेळीही ते अडून बसतात. त्यापेक्षा आभासी संगणक सुरू होताना कोअर राखून ठेवणारी आणि बंद होताना मोकळे करणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी. घरमालकाला दिवसा आपली खोली परत मिळते.

दुसरे काम मेमरीचे. लिनक्स मेमरीची पाने साधारणपणे ४ केबीची करते. १६ जीबीला अशी ४१ लाख ९४ हजार ३०४ पाने लागतात. कोणते पान कोठे आहे याची वही चाळण्यातच प्रोसेसरचा वेळ जातो. पाने २ एमबीची केली तर ८,१९२ होतात आणि १ जीबीची केली तर अवघी १६. ही मोठी पाने संगणक सुरू होतानाच राखावीत, कारण नंतर मेमरी तुकड्या-तुकड्यांत विखुरते आणि सलग जागा सापडत नाही. गिऱ्हाइकाला मात्र आधी सांगून ठेवावे, की ३२ पैकी १६ जीबी दिवसभर लिनक्सला वापरता येणार नाहीत. ज्याला दिवसाही मोठी कामे असतात त्याने रॅम वाढवून घ्यावी, नाही तर ही मोठी पाने सोडून द्यावीत. मेमरी गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारी बलून नावाची सोय पासथ्रूमध्ये उपयोगाची नाही. कार्ड दिले की विंडोजची सगळी मेमरी जागच्या जागी जखडली जाते. ती सोय बंदच करावी.

तिसरे काम अगदी स्वस्त आणि बरेचदा विसरले जाणारे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हायपर-व्हीमध्ये आपण चालत आहोत असे विंडोजला कळले, की ते वेळेची आणि इंटरप्टची कामे कमी कष्टात करते. केव्हीएमला या सवलती देता येतात. त्या चालू कराव्यात आणि घड्याळही हायपर-व्हीचे ठेवावे. इथे एक जुना सल्ला ऐकायला मिळतो, की विंडोजपासून आभासीपणा लपवा, नाही तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर ४३ क्रमांकाची चूक दाखवून बंद पडतो. ते एकेकाळी खरे होते. २०२१ साली एनव्हिडियाने जीफोर्स कार्डांना विंडोजच्या आभासी संगणकात चालण्याची अधिकृत मुभा दिली, तेव्हापासून त्या लपवालपवीची गरज राहिलेली नाही.

डिस्कचे थोडक्यात सांगतो. शक्य असेल तर एक एनव्हीएमई डिस्क पूर्णपणे विंडोजला द्यावी. नसेल तर व्हर्टिओ प्रकार निवडावा, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज बसवतानाच हाताशी ठेवावा, नाही तर विंडोजला डिस्क दिसणारच नाही. आवाज फाटत असेल तर स्वस्तातले यूएसबी साउंड कार्ड घेऊन ते लावलेला यूएसबी कंट्रोलरच विंडोजला देऊन टाकावा. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, ते आभासी स्वरूपात पुरवता येते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यामुळे नवे काम ११ वरच करावे.

प्रत्येक बदल एकेकटा करावा आणि मोजावा. विंडोजमध्ये प्रेझेंटमॉनने प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मिळतो, लेटन्सीमॉनने अडखळण्याची वेळ दिसते. पाच बदल एकदम केले आणि गेम सुधारला, तर कशाने सुधारला हे कळत नाही. बिघडला तरी कळत नाही.

आता सौद्याची बाजू. आगाऊ रक्कम घेण्याआधी गिऱ्हाइकाकडून त्याच्या गेमची यादी लिहून घ्यावी. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा पहारेकरी आभासी संगणकात गेम चालू देत नाही, आणि २०२४ पासून तोच पहारेकरी लीग ऑफ लेजेंड्सवरही बसला आहे. त्याला चकवण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतील. त्या नादी लागू नये. खाते बंद झाले तर ते गिऱ्हाइकाचे होते आणि नाव मात्र दुकानाचे जाते. आतल्या विंडोजलाही स्वतंत्र परवाना लागतो, तोही हिशेबात धरावा.

गेमिंग कॅफे चालवणारेही चौकशी करतात, की एका मोठ्या संगणकावर चार-सहा जणांना बसवता येईल काय. २०१६ साली एका परदेशी यूट्यूब वाहिनीने एका संगणकावर सात जणांना खेळवून दाखवले होते, तेव्हापासून ही कल्पना अनेकांच्या मनात घर करून आहे. तांत्रिकदृष्ट्या ते होते. धंदा म्हणून आम्ही तसा सल्ला देणार नाही. एक पॉवर सप्लाय गेला की साती खुर्च्या रिकाम्या होतात, कार्डे सात लागतात ती लागतातच, आणि कॅफेत ज्या गेमसाठी मुले येतात त्यात व्हॅलोरंटही असतो.

घरगुती गिऱ्हाइकासाठी मात्र हे चांगले काम आहे. मोबदला सामानावर टक्केवारीने न घेता कामाच्या दिवसांवर ठरवावा. बसवायला एक दिवस आणि मोजून साधायला त्याहून जास्त वेळ लागतो, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगावे. लिनक्सच्या एखाद्या अद्ययावतीनंतर उपकरणांचे क्रमांक बदलून सगळे बंद पडू शकते, तेव्हा वर्षभराच्या देखभालीचा दर वेगळा लिहून द्यावा. काम सोपवताना आभासी संगणकाच्या मांडणीची फाईल आणि कोअरचा तो कागदावरचा नकाशा, दोन्हींची एक प्रत गिऱ्हाइकाकडे आणि एक आपल्या दुकानात ठेवावी.