सामना आधीच ठरलेला असतो काय?

मंडळी, सुगी आटोपली की पारावर गप्पांना रंग चढतो. अलीकडे त्या गप्पांत फुटबॉलही येऊ लागला आहे. कोल्हापुरात तर तालमी-तालमींचे संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. आता परदेशातले सामनेही घरबसल्या दिसतात. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, की पारावरचा एखादा जाणता हमखास म्हणतो, "अहो, हे सगळे आधीच लिहिलेले असते!" हे कितपत खरे, ते आज जरा निवडून-पाखडून पाहू या.

बेत वेगळा, निकाल वेगळा

असे म्हणणारे केवळ आपल्याकडेच आहेत असे नाही. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून पळायचा खेळ. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. २०२३ च्या जानेवारीत एरियन फोस्टर या निवृत्त खेळाडूने एका मुलाखतीत थट्टेने सांगितले, की हंगामापूर्वी आम्हाला लिहिलेली गोष्ट मिळायची आणि आम्ही तिची तालीम करायचो. थट्टा देशभर पसरली. पुष्कळांनी ती खरीच मानली. पुढे लीगनेही आपल्या जाहिरातीत तिच्यावर विनोद करून घेतला.

गंमत अशी, की लिहिलेला कागद तिथे खरोखरच असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श सामन्याच्या आरंभीच्या पंधरा-पंचवीस चाली आधी लिहून ठेवीत. पण तो एका संघाचा बेत झाला. समोरचा संघ तो उधळायलाच उभा असतो. आपणही पेरणीचे वेळापत्रक लिहितो. पाऊस काही ते वाचून येत नाही.

शिवाय माणसे मोजा. ३२ संघ, प्रत्येकी ५३ खेळाडू, म्हणजे जवळजवळ १७०० जण. त्यांतले कित्येक दरवर्षी काढून टाकले जातात, रागाने घरी जातात. गोष्ट षट्कर्णी झाली की फुटते. इतक्या कानांवर गेलेली गोष्ट वर्षानुवर्षे गुप्त कशी राहील? टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचे निकाल खरोखर ठरलेले असतात. पण ती चालवणाऱ्या कंपनीने १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सरकारपुढे स्वतःच कबूल केले, की ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. कारण स्पर्धा म्हटली की सरकारी नियम आणि कर मागे लागत होते.

कुंपणानेच शेत खाल्ले

मग सगळी शंका खोटीच का? तसेही नाही. २१ ऑगस्ट २००४ रोजी जर्मनीत चषक स्पर्धेचा सामना झाला. पाडरबोर्नचा संघ खालच्या श्रेणीतला, समोर हॅम्बुर्गचा बडा संघ. हॅम्बुर्ग दोन गोलांनी पुढे होता. मग पंचाने त्याच्या एका खेळाडूला बाहेर काढले, पाडरबोर्नला दोन पेनल्टी दिल्या, आणि बडा संघ ४-२ ने हरला. दोन महिन्यांत हॅम्बुर्गच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली.

पंचाचे नाव रॉबर्ट हॉयझर. बर्लिनच्या सट्टेवाल्यांनी त्याला सामने फिरवण्यासाठी सुमारे ६७,००० युरो आणि एक टीव्ही संच दिला होता. संशय घेतला तो त्याच्याबरोबरच्या पंचांनीच, आणि त्यांनीच तो वरपर्यंत नेला. जानेवारी २००५ मध्ये हॉयझरने कबुली दिली. नोव्हेंबरमध्ये त्याला दोन वर्षे पाच महिन्यांची शिक्षा झाली.

इथे ध्यानात घ्या, की १७०० माणसांची गरज पडली नाही. शिट्टी हातात असलेला एक पंच आणि पैसे लावणारे दोन-चार जण पुरले. लबाडी असते ती अशी: लहान, पैशाभोवतीची, आणि सामन्याच्या एखाद्या नाजूक सांध्यावर बसलेली.

न बोलता झालेले संगनमत

तिसरा प्रकार याहून अवघड. १९८२ ची विश्वचषक स्पर्धा स्पेनमध्ये झाली. अल्जीरियाने पहिल्याच सामन्यात पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवून सर्वांना चकित केले. २४ जूनला त्यांनी चिलीलाही ३-२ ने हरवले आणि आपले सगळे सामने संपवले. गटातला शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी खिखोन गावी होता: पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया.

आता हिशेब पाहा. जर्मनी हरली किंवा बरोबरी झाली, तर जर्मनी बाहेर. जर्मनी तीन किंवा अधिक गोलांच्या फरकाने जिंकली, तर ऑस्ट्रिया बाहेर. पण ती एक किंवा दोन गोलांनी जिंकली, तर दोघेही पुढे आणि अल्जीरिया घरी. हा हिशेब दोन्ही संघांना मैदानात उतरण्यापूर्वीच ठाऊक होता.

दहाव्या मिनिटाच्या सुमारास ह्रुबेशने जर्मनीचा गोल केला. उत्तरार्धात तर दोन्ही संघ चेंडू आपसात टोलवत राहिले. लुटुपुटूची लढाई! प्रेक्षकांनी नोटा फडकावून निषेध केला. ऑस्ट्रियाच्या समालोचकाने लोकांना टीव्ही बंद करा म्हणून सांगितले. अल्जीरियाने तक्रार केली. पण फिफाला नियमभंग दिसला नाही. निकाल कायम राहिला.

चार वर्षांपूर्वी, १९७८ मध्येही असेच बिनसले होते. ब्राझीलचा सामना आधी उरकला, म्हणून अर्जेंटिनाला चार गोलांच्या फरकाने जिंकायचे आहे हे आधीच कळले. त्यांनी पेरूला ६-० ने हरवले. शंका आजवर घेतली जाते. सिद्ध मात्र काही झाले नाही.

पण खिखोननंतर फिफाने एक शहाणपणाची गोष्ट केली. १९८६ पासून विश्वचषकात गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. कोणाच्या मनात काय होते, याचा शोध लागला नाही. लबाडीला वाव देणारी फट मात्र बरीचशी बुजवली गेली.

तीन प्रश्न

तेव्हा "ठरलेले आहे" असे कोणी म्हणाले, की तीन प्रश्न विचारावेत. यात पैसा कोणाला मिळणार? किती माणसांना गप्प बसावे लागेल? आणि हवा तो निकाल लावण्याची संधी कोणाच्या हाती होती? उत्तरे जुळली तर शंका पुढे न्यावी. न जुळली तर ती आपल्या संघाच्या पराभवाची चिडचिड समजावी. डोळे आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते.

घरातल्या तरुण मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. "आतली बातमी आहे, निकाल ठरला आहे, पैसे लाव," असे सांगणारा कधी हितचिंतक नसतो. निकाल खरोखर ठाऊक असता, तर तो गुपचूप स्वतःच श्रीमंत झाला असता. तुमच्या उसाच्या बिलाकडे त्याने डोळा कशाला लावला असता?

आणि एक गोष्ट आपणा थोरांसाठी. "सगळेच ठरलेले असते" हे वाक्य खेळापुरते थांबत नाही. मग ते दूध संस्थेला लागते, सोसायटीला लागते, ग्रामसभेला लागते. असे म्हणणारा माणूस वार्षिक सभेला जाणे सोडतो. हिशेब वाचत नाही, प्रश्न विचारत नाही. ज्यांना आतून ठरवायचे असते त्यांना नेमके हेच हवे असते. शिवाय सुक्याबरोबर ओलेही जळते. सगळ्यांना चोर म्हटले, की खरा चोर गर्दीत लपतो आणि प्रामाणिक सचिवाच्या कामाला मोल उरत नाही.

हॉयझर सापडला, कारण चार पंचांनी आपले डोळे उघडे ठेवले. खिखोनची फट बुजली, कारण अल्जीरियाने गप्प न बसता तक्रार नोंदवली. दुधाची फॅट आपल्यासमोर लावायला सांगा. वजनकाट्याचा आकडा स्वतः वाचा. शेतमालाचा लिलाव उघड बोलीनेच व्हावा, असा आग्रह धरा. आणि येत्या सभेला पाठीमागे बसू नका. पुढच्या रांगेत बसा.