मोठे महाविद्यालय की लहान?

पुण्याचे आजचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे. फर्ग्युसनसारख्या नामांकित महाविद्यालयात गणित शिकविणारे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० मध्ये आपला आश्रम येथील एका झोपडीत हलविला. १९१६ मध्ये येथेच महिला विद्यापीठाचा आरंभ झाला, तोही मोजक्या विद्यार्थिनींनिशी. त्यांच्याच संस्थेने १९९१ मध्ये येथे मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले.

मोठ्या महाविद्यालयात विषयांची निवड व ग्रंथालय यांचा लाभ अधिक; लहान महाविद्यालयात गैरहजर विद्यार्थिनीची चौकशी लवकर होते. मात्र अध्यापकांची पदे रिक्त असतील तर लहानपणाचे कौतुक व्यर्थच! म्हणून भरलेली पदे किती, हे पालकांनी आधी विचारावे.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यास ही सवलत नाही. वसतिगृह व भोजनाचा खर्च या माफीत येत नाही. खेड्यातून येणाऱ्या मुलीचा निर्णय पुष्कळदा याच खर्चावर अडतो. तेव्हा आवारात वसतिगृह आहे काय आणि त्यात जागा मिळेल काय, याची खात्री गावच्या शिक्षकांनी अर्ज भरण्यापूर्वीच करून द्यावी.