सकाळच्या मुठीतल्या गोळ्या

लेखमाला : आपला आजार, आपली फाइल (लेखांक 6)

थायरॉइड मंदावली की टीएसएचचा आकडा वर का जातो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज हाडांकडे वळायचं होतं. पण थायरॉइड बाजूला ठेवून हाडांबद्दल बोलता येत नाही. दोन्हींची औषधं बहुतेक घरांत एकाच डबीत असतात आणि एकाच घोटाबरोबर पोटात जातात.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईंचं हे नेहमी घडणारं उदाहरण घ्या. दहा-बारा वर्षं थायरॉक्सिन चालू आहे, रोज 75 मायक्रोग्रॅम. टीएसएच 2 च्या आसपास, तक्रार काही नाही. मग बाथरूममध्ये पाय घसरतो आणि मनगट मोडतं. हाडांचे डॉक्टर प्लास्टर घालतात, डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घेतात. टी-स्कोअर उणे 2.7 येतो, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. इतर उपचारांबरोबर कॅल्शियमही सुरू होतं. गोळ्या विसरायला नकोत म्हणून बाई सगळ्या सकाळीच घ्यायच्या असं ठरवतात. तीन महिन्यांनी टीएसएच 7. फॅमिली डॉक्टरांना कॅल्शियमचा पत्ताच नसतो, ते थायरॉक्सिन 100 करतात. पुढे कॅल्शियमने पोट साफ होत नाही म्हणून बाई ते आपल्या मनाने बंद करतात. थायरॉक्सिन मात्र 100 च राहतं. आता टीएसएच 0.05 वर येतो. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही. आणि ज्या हाडांसाठी हे सगळं सुरू झालं, तीच आतून आणखी विरळ व्हायला लागतात.

दोन्ही डॉक्टर आपापल्या फाइलीपुरते बरोबर होते. दोन्ही फाइली एकत्र पाहू शकेल असं एकच माणूस होतं, त्या स्वतः.

कॅल्शियम कार्बोनेट आणि थायरॉक्सिन पोटात एकत्र आले की कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि ते पुरतं रक्तात उतरत नाही. याचा साधा आणि नेटका अभ्यास 2000 साली अमेरिकेत झाला. वीस रुग्णांना तीन महिने थायरॉक्सिनबरोबरच रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं. त्यांचा सरासरी टीएसएच 1.6 वरून 2.7 वर गेला, पाचातल्या एकाचा तर मर्यादेबाहेर. कॅल्शियम थांबवल्यावर आकडा पुन्हा खाली आला. डोस तोच, माणसं तीच, फक्त सोबतची गोळी बदलली होती.

थायरॉइडचं हाडांशी नातं वैद्यकाला नवं नाही. थायरॉइडच्या अतिरेकाने मरण पावलेल्या एका तरुणीची किड्यांनी पोखरल्यासारखी दिसणारी हाडं जर्मन शास्त्रज्ञ फॉन रेकलिंगहाउझेन यांनी 1891 मध्ये नोंदवली होती. आपलं हाड आयुष्यभर मोडत आणि बांधत असतं. काही पेशी जुनं हाड कुरतडतात, काही मागून येऊन नवं भरतात. अशी एक फेरी पुरी व्हायला एरवी सुमारे 200 दिवस लागतात. थायरॉक्सिन फार झालं की ती जवळजवळ निम्म्या वेळात उरकते, पण भरणाऱ्यांना खोदणाऱ्यांचा वेग गाठता येत नाही. आपल्या शहरांतले रस्ते पाहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पाळी गेलेल्या स्त्रियांत इस्ट्रोजेनचा आधारही सुटलेला असतो, म्हणून फटका त्यांना जास्त.

पण याच ठिकाणी घाबरगुंडी उडते, आणि घाबरून गोळीच सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. थायरॉक्सिन हाडांचा शत्रू नाही, गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिन आहे. स्कॉटलंडमध्ये दीर्घकाळ ही गोळी घेणाऱ्या 17 हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्याचा निष्कर्ष 2010 मध्ये आला. टीएसएच अगदी तळाला गेलेल्यांत हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं होतं, तसंच तो चढा राहिलेल्यांतही. जरासा कमी, म्हणजे 0.04 ते 0.4 च्या दरम्यान असणाऱ्यांत ही वाढ दिसली नाही. तेव्हा 0.3 वाचून रात्र जागवू नका, आणि 0.02 वाचून गप्पही बसू नका. थायरॉइडच्या कर्करोगानंतर काहींचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. त्यांचा हिशेब निराळा, तो त्यांच्या डॉक्टरांकडेच समजून घ्यावा.

आता शोधायचं काय? माझं मत स्पष्ट आहे : लक्षणं शोधू नका, गोळ्यांची नावं शोधा. थकवा, केस गळणं, अंग दुखणं ही लक्षणं शोधलीत तर थायरॉइडपासून ड जीवनसत्त्वापर्यंत निम्मं वैद्यक समोर येतं आणि प्रत्येक आजार आपलाच वाटतो. गोळीच्या नावावरून मात्र नेमकं उत्तर मिळतं. पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद आपण उघडण्याआधीच फेकतो, त्यात ते लिहिलेलं असतं. कॅल्शियमसारखीच लोहाची गोळी थायरॉक्सिनला अडवते. ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं चालणारं पॅन्टोप्राझोल थायरॉक्सिनचं शोषण कमी करू शकतं, आणि त्याच्या दीर्घ वापराचा हाडं मोडण्याशीही संबंध आढळला आहे. केसांसाठी घेतलेलं बायोटिन तर औषधाला हात न लावता रिपोर्टच बिघडवतं. अनेक यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवावं आणि लॅबला तसं सांगावं.

वेळेचं गणित सोपं आहे. थायरॉक्सिन उठल्याबरोबर, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-कॉफी आणि नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनपासून चार तास दूर. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर चांगलं मुरतं, म्हणून ते दुपारच्या ताटाशेजारी ठेवा. चहाशिवाय ज्यांचा दिवस उजाडतच नाही, त्यांनी थायरॉक्सिन रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. वेळ कोणतीही असो, ती रोज तीच हवी.

कॅल्शियमच्या पाकिटावर 1250 मिलिग्रॅम छापलेलं असतं, पण तो आकडा कार्बोनेटचा. त्यात खरं कॅल्शियम 500 मिलिग्रॅम. एका वेळी याहून जास्त घेतलं तर शरीर ते नीट घेतही नाही. उरलेली गरज ताटातून भागवता येते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पेलाभर दुधात अडीचशेच्या जवळपास. ड जीवनसत्त्वाची 60 हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या मुदतीपुरतीच घ्यायची असते. ती रोज घेणारे आहेत, आणि मुदत संपल्यावरही दोन-दोन वर्षं चालू ठेवणारे त्याहून जास्त आहेत. रक्तातलं कॅल्शियम त्याने धोकादायक वाढू शकतं.

फाइलीच्या सुरुवातीला एक कोरं पान लावा. त्यावर तारीख, थायरॉक्सिनचा डोस, टीएसएच, आणि त्या काळात सुरू झालेली किंवा बंद केलेली प्रत्येक गोळी, मग ती आयुर्वेदिक असो वा केसांची. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायला सात दिवस लागतात, त्यामुळे कोणत्याही बदलाचा परिणाम टीएसएचमध्ये स्थिरावायला सहा ते आठ आठवडे जातात. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी म्हणजे पैसे वाया. डोस मात्र स्वतः बदलू नका. हे पान दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि एकच प्रश्न विचारा : ‘ही दुसरी गोळी लक्षात घेऊनही माझा डोस हाच राहील का?’

पुढच्या आठवड्यात थायरॉइडच्या पाठीमागे असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींबद्दल. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात, आणि त्यातली एक जरी बिघडली तरी हाडांमधून ते उपसलं जातं. जुन्या रिपोर्टांत ‘सीरम कॅल्शियम’ अशी ओळ असेल, तर तो कागद तेवढा शोधून ठेवा.